बंब, गिझर आणि न दिसणारा धूर

आजचा एपिसोड आंघोळीच्या पाण्याचा आहे, म्हणजे शब्द आजचा 'बंब'.

माझी आजी गिझरला अजूनही बंबच म्हणते. मागच्या दिवाळीत ती पुण्याला आमच्या फ्लॅटवर राहायला आली होती. नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता तिने हाक दिली, "अरे, बंब पेटवलास का?" आणि माझा लखनौचा फ्लॅटमेट अंथरुणात ताडकन उठून बसला. त्याला 'बॉम्ब' ऐकू आलं होतं.

गंमत म्हणजे तो फारसा चुकला नव्हता. बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोम्बा'वरून आलाय असं मानलं जातं, आणि पोर्तुगीजमध्ये बोम्बा म्हणजे पंपही आणि बॉम्बही. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. पुढे चौल, वसई, मुंबई या किनाऱ्यावर ते बरीच वर्षं होते. वसई तर चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये घेतली. एवढ्या काळात त्यांच्या घरातल्या वस्तू आपल्या तोंडात रुळल्या. 'बाल्दे'ची आपण बादली केली, अक्षरं चक्क उलटसुलट करून. 'गामेला'चं घमेलं झालं, 'पीपा'चं पिंप झालं. म्हणजे जुन्या न्हाणीघरात तुम्ही बंबातून बादलीत पाणी घेत होतात आणि शेजारी पिंप भरलेलं होतं, तर निम्मं न्हाणीघर पोर्तुगीज बोलत होतं!

पंप हा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. 'आगीचे चार बंब घटनास्थळी दाखल' ही बातमी आपण नेहमी वाचतो. तो बंब म्हणजे पाणी फेकणारा पंप. पोर्तुगालमध्ये आग विझवणाऱ्यांना 'बोम्बेइरो' म्हणतात, आणि मलेशियात तर अग्निशमन दलाचं सरकारी नावच 'बोम्बा' आहे. तिथेही पोर्तुगीज गेले होतेच, मलाक्कात.

पण मग पाणी फेकणाऱ्या यंत्राचं नाव पाणी तापवणाऱ्या भांड्याला का मिळालं? इथे माझा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणारे आगीचे बंब आले. पहिला लंडनमध्ये 1829 साली बनला. पुढच्या काळातल्या त्या गाड्यांचे फोटो बघा. घोडागाडीवर उभा, गोल, चकचकीत बॉयलर आणि डोक्यावर धुराडं. आता आजोळचा तांब्याचा बंब आठवा. तसाच ना? 'अगडबंब' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तरी तेच पोट येतं.

बंबाचं इंजिनिअरिंग मला खरंच आवडतं. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, आणि नळीच्या भोवती पाणी. आग पाण्याच्या खाली नाही, पाण्याच्या पोटात. त्यामुळे उष्णता बाहेर वाया जाण्याआधी तिला पाण्यातून जावं लागतं. रशियन समोवारचं तत्त्व हेच. वरून थंड पाणी ओतायचं, तोटीतून कढत काढायचं. काढलं तेवढं परत ओतायचं, हा घरातला पहिला नियम, कारण कोरडा बंब पेटवला तर सांधे सुटायचे. जळण म्हणून गोवऱ्या, करवंट्या, आणि वखारीत बारीक फोडून मिळणारी लाकडं. त्या लाकडांना वेगळं नाव होतं, 'बंबफोड'. एका वस्तूपायी जळणाला स्वतंत्र नाव मिळतं, यावरून ती घरात किती मुरली होती ते कळतं. आणि दिवाळीच्या आधी चिंच लावून बंब घासायचा, हे काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे. आमच्याकडे माझ्याकडे.

आता गिझर. आइसलँडमध्ये हौकादालूर नावाच्या खोऱ्यात 'गेसिर' नावाचा गरम पाण्याचा झरा आहे, जमिनीतून उसळणारा. त्या भाषेत 'गेसा' म्हणजे उसळणं. एका झऱ्याचं विशेषनाम, ते इंग्रजीत अशा सगळ्या झऱ्यांचं सामान्यनाम झालं. मग 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर लगेच पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला 'गिझर' नाव दिलं. हे गृहस्थ धंद्याने रंगारी. इंग्रजांबरोबर तो शब्द आपल्याकडे आला आणि इथेच राहिला. अमेरिकेत जाऊन गिझर बिघडलाय म्हणालात तर लोक चक्रावतील, तिथे तो वॉटर हीटर.

मॉन यांच्या त्या पहिल्या यंत्रात एक मोठी उणीव होती. जळलेला वायू बाहेर न्यायला त्याला धुराडं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो. कारण तीन वर्षांपूर्वी, याच फ्लॅटमध्ये, माझा तेव्हाचा रूममेट बाथरूममध्ये बेशुद्ध पडला होता. जानेवारी महिना, खिडकी घट्ट बंद, आणि आत भिंतीवर गॅस गिझर. पाण्याचा आवाज येत होता, हाकेला ओ नव्हती. आम्ही दोघांनी कडी तोडली. बाहेरच्या हवेत आणल्यावर तो हळूहळू शुद्धीवर आला, दोन दिवस डोकं धरून होता. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं आणि मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो.

होतं काय, तर गॅसला जळायला ऑक्सिजन लागतो. छोट्या बंद बाथरूममधला तो भराभर कमी होतो, ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. चक्कर येतेय हे कळेपर्यंत पायातलं बळ गेलेलं असतं. म्हणून हा गिझर बाथरूमच्या बाहेर हवा. जळलेला वायू पाइपने घराबाहेर जायला हवा. नुसता झरोका उघडा ठेवून भागत नाही.

मी आजीला विचारलं होतं, तुमचा बंब अंगणाच्या कडेला का असायचा? ती म्हणाली, "अरे, धूर डोळ्यांत जायचा." बस्स, एवढंच कारण. तिला कुठलाही वायू माहीत नव्हता. आता जुनं ते सोनं म्हणून मी बंबाची आरती ओवाळणार नाही. बंद खोलीत बंब पेटवला तर तोही तितकाच जीवघेणा, त्या लाकडातूनही हाच वायू निघतो. आणि त्या धुरात रोज पहाटे फुंकर मारत बसायची ती आजीच, आजोबा नव्हेत. फरक इतकाच की तो धूर खोकायला लावायचा, डोळे चोळत माणसाला बाहेर काढायचा. आमच्या गिझरची निळी ज्योत मात्र अगदी स्वच्छ दिसत होती.

घरमालक आधी तयार नव्हते, भिंत फोडावी लागेल म्हणाले. शेवटी खर्च आम्ही वाटून घेतला. आता गिझर मागच्या उघड्या बाल्कनीत आहे, आत फक्त नळ येतो. दिवाळीच्या त्या पहाटे आजीला तो दाखवला. तिने वरून खालून नीट पाहिलं, बोटाने पत्रा वाजवला आणि विचारलं, "सगळं ठीक आहे रे, पण यात पाणी ओतायचं कुठून?"