विजयदुर्ग, हेलियम आणि एक पिवळी रेघ



दर वर्षी १८ ऑगस्टच्या सुमारास तुमच्याही फोनवर एक संदेश येत असेल: 'हेलियमचा शोध आपल्या कोकणात, विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.' वाचून बरं वाटतं, आपण तो पुढे पाठवतो, मुलांनाही सांगतो. पण उद्या मुलांनी ही गोष्ट इथल्या शाळेत सांगितली आणि शिक्षकांनी ती तपासली, तर टिकेल का? म्हणून आज तारखांनिशी बघूया.

आधी थोडं प्रकाशाबद्दल. गॅसच्या निळ्या ज्योतीत मीठ पडलं की ज्योत पिवळी होते, हे तुम्ही पाहिलं असेल. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. तापलेल्या वायूचा प्रकाश लोलकातून पाहिला तर ठरावीक जागी ठरावीक रंगाच्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या, जणू अंगठ्याचा ठसाच. १८६०च्या सुमारास किर्खहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं आणि सूर्य कशाचा बनला आहे हे इथे बसून ओळखण्याची सोय झाली.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ते पाहायला आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमधल्या रेघा इतक्या तेजस्वी होत्या की दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या ग्रहणाशिवायच पाहिल्या.

मग संदेशातले नॉर्मन लॉकियर कुठे होते? इंग्लंडमध्ये! त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहण नसताना, त्या रेघा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी सादर झाली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

त्या रेघांमधली एक पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर बसत नव्हती, किंचित बाजूला होती. ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी, असं लॉकियर यांनी सुचवलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून ते झालं 'हेलियम'. अनेकांना हे पटलं नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली आणि वाद मिटला.

मग विजयदुर्ग या गोष्टीत आला कुठून? लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरच्या नौसैनिकांना उपकरणं हाताळायला शिकवून त्यांनी निरीक्षणं घेतली. पुढे लोकांच्या बोलण्यात दोन ग्रहणांची एकच गोष्ट झाली असावी.

म्हणजे विजयदुर्गाचा मान गेला का? मुळीच नाही. ज्यांनी हेलियमला ओळखलं, ते पुढे आपल्या किल्ल्यावर सूर्य पाहायला आले, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे. आणि हेलियमच्या शोधात भारताचा वाटा आहेच, तो गुंटूरच्या नावे.

पुढच्या वाढदिवसाला हेलियमचे फुगे आणाल, तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. येत्या १८ ऑगस्टला तो संदेश आला, तर पुढे पाठवण्याआधी त्यात गुंटूर आणि १८९८ एवढी भर नक्की घाला. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!