मय्यतीची वाट

आमच्या गावात कब्रस्तानाकडे जाणाऱ्या पाखाडीला कागदोपत्री नाव नाही. दादी तिला 'मय्यतीची वाट' म्हणायची. मशिदीच्या मागून ती निघते, जांभ्याच्या दहा-बारा पायऱ्या उतरून व्हाळ ओलांडते आणि काजूच्या बागेच्या गडग्याला लागून वर कातळावर चढते. पावसाळ्यात शेवाळ धरते, म्हणून जनाजा नेताना पुढची दोन माणसे नेहमी गावातली जाणती असतात. कुणबीवाडीची माणसेही याच वाटेने नाचणीच्या शेताला जात आली आहेत. कोणी कोणाला विचारले नाही, कोणी कोणाला अडवले नाही.

२०१८ साली ती बाग विकली गेली आणि नव्या मालकाने गडग्याबाहेर तारेचे कुंपण घातले. "सातबाऱ्यावर वाट दाखवा," एवढेच त्याचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. सातबाऱ्यावर वाट नव्हतीच. जमातीची बैठक झाली, तावातावाने बोलणे झाले. पण शेवटी प्रश्न एवढाच उरला की, ज्या वाटेने आमच्या सात पिढ्या खांद्यावरून गेल्या, ती वाट आमची आहे हे सांगायचे तरी कशाच्या आधारे?

हा प्रश्न डोक्यात घेऊनच २०१९च्या मे महिन्यात मी पुतण्याकडे इंग्लंडला गेलो. तो लंडनच्या नैर्ऋत्येला, वोकिंगजवळ राहतो. इतिहासाच्या निवृत्त मास्तराला तिथे पाहायला पुष्कळ होते, पण त्याने पहिल्याच रविवारी माझ्या हातात ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा ठेवला आणि म्हणाला, "चाचा, आज पायीच फिरू." नकाशावर हिरव्या तुटक रेघांचे जाळे पसरलेले होते. रानातून, गव्हाच्या शेतातून, कोणाच्या तरी कुरणातून, जुन्या खेड्यातल्या चर्चच्या अंगणातून जाणाऱ्या त्या पायवाटा. प्रत्येक रेघ म्हणजे कायद्याने मान्य केलेला चालण्याचा हक्क! इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून असे मार्ग सुमारे १ लाख ४० हजार मैल आहेत.

आम्ही चाललो. ओकच्या झाडांखाली निळ्या रानफुलांचा सडा होता. खांबावर पिवळा बाण दिसला की समजायचे, ही पायी जाणाऱ्यांची वाट; निळा बाण असेल तर घोड्यालाही मुभा. कुंपण आडवे आले की तिथे लाकडी पायरी किंवा झुलते फाटक. आपल्याकडच्या बेड्याचीच आठवण झाली. एका ठिकाणी तर वाट उभ्या पिकाच्या मधोमध गेली होती. मी थबकलो. पुतण्या म्हणाला, "चला, हक्क आहे." शेतकऱ्याला वाटेवरून नांगर फिरवता येतो, पण पहिल्या नांगरणीनंतर चौदा दिवसांच्या आत, आणि पुढच्या प्रत्येक मशागतीनंतर चोवीस तासांत, किमान एक मीटर रुंदीची वाट त्याला पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. मालकी त्याची आणि वाट सगळ्यांची, हे दोन्ही एकाच मातीत नांदते.

पण हे सुख इंग्रजांना कोणी ताटात वाढून दिलेले नाही. त्यामागचा इतिहास आपण वाचला पाहिजे.

तिथेही एके काळी गायरान, सरपणाचे रान, सामाईक माळ होते. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२००हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण घातले. इंग्लंडच्या एकूण भूमीचा हा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग. गुरे चारण्याचा, लाकूडफाटा गोळा करण्याचा गरिबाचा हक्क गेला आणि त्यासोबत कित्येक वाटाही गेल्या. पुढे गिरण्या आल्या. आठवडाभर धुरात राबणारा मँचेस्टर-बोल्टनचा कामगार रविवारी डोंगराकडे निघे, तर तिथे जमीनदाराचा रखवालदार उभा. १८९६च्या सप्टेंबरात बोल्टनजवळच्या विंटर हिलवर एका कर्नलने माळावरची वाट बंद केली, तेव्हा हजारो माणसे मिरवणुकीने फाटक ओलांडून गेली. कोर्टात मात्र ती हरली.

त्यानंतरचा मोठा दिवस २४ एप्रिल १९३२चा. हेफील्ड गावाजवळच्या खाणीतून काही शे तरुण किंडर स्काउट या पठाराकडे निघाले. पुढे होता बेनी रॉथमन, मँचेस्टरचा वीस वर्षांचा ज्यू कामगार. ते पठार तितर जातीच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते. रखवालदारांशी झटापट झाली, धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. गंमत अशी की पदयात्रिकांच्या अधिकृत संघटनांनाही हा आततायीपणा वाटला होता. पण शिक्षा ऐकून लोकमत हलले. सत्तर वर्षांनी, २००२ साली, ज्यांच्या आजोबांचे ते पठार होते त्या डेव्हनशरच्या ड्यूकनी जाहीरपणे माफी मागितली.

त्याच १९३२ साली वाटेच्या हक्काचा कायदा झाला. लोक वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्क म्हणून एखाद्या वाटेने गेले असतील, तर ती वाट सार्वजनिक मानायची, असे त्याचे सूत्र. १९४९च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला आपापल्या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झाले आणि २००० सालच्या कायद्याने डोंगर-माळांवर मोकळेपणी फिरण्याची मुभा मिळाली. नुसते चालणे सोडून दिल्याने सार्वजनिक वाट मरत नाही, हे तिथल्या कायद्याचे जुने तत्त्व आहे.

या सगळ्यात मला चटका लावून गेल्या त्या प्रेतवाटा. मध्ययुगात दफनाचा हक्क मोठ्या चर्चपुरता असे. दूरच्या वाड्यांना आपली मय्यत मैलोनमैल खांद्यावरून न्यावी लागे. डार्टमूरच्या माळावरून लिडफर्डला जाणारी अशी वाट आजही दाखवतात. रायडलहून ग्रासमिअरच्या चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर शवपेटी टेकवून दम घ्यायचे दगड आहेत. कवी वर्ड्‌स्वर्थचे शेवटचे घर याच वाटेवर. ज्या जमिनीवरून प्रेत नेले ती कायमची सार्वजनिक वाट होते, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. कायद्यात तिला आधार नव्हता. पण ही समजूत ऐकली आणि मला दादीची आठवण झाली.

वोकिंगला आणखी एक वाट मी चाललो. १८८९ साली लाइटनर या विद्वानाने तिथे मशीद बांधली, तिला पैसा दिला भोपाळच्या शाहजहाँ बेगमने. मशिदीपासून कालवा ओलांडून चालत गेले की हॉर्सेलचा माळ लागतो. वेल्सच्या कादंबरीत मंगळावरचे प्राणी उतरतात तो हाच माळ. त्याच्या कडेला, पाइनच्या रानात, कमानी-घुमटाच्या भिंतींत एक जागा आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी मुसलमान सैनिकांच्या दफनविधीची हेळसांड होते, असा प्रचार जर्मनीने केला. त्याला उत्तर म्हणून सरकारने १९१७ साली हे कब्रस्तान बांधून घेतले. दोन्ही महायुद्धांतले २७ सैनिक इथे होते. १९६८ साली त्यांना ब्रुकवुडच्या लष्करी कब्रस्तानात हलवले. २०१५ साली या जागी शांततेची बाग झाली आणि एकेका सैनिकासाठी हिमालयातला एकेक भूर्जवृक्ष लावला गेला. मी तिथे फातिहा पढलो. माझ्या मागे एक इंग्रज म्हातारी कुत्रे घेऊन मुकाट उभी होती. ती रोज याच वाटेने जाते, असे नंतर म्हणाली.

ब्रुकवुडलाच कुराणाचे दोन थोर इंग्रजी अनुवादक विसावले आहेत : मार्माड्यूक पिक्थॉल आणि अब्दुल्ला युसूफ अली. पिक्थॉल १९२० ते १९२४ या काळात मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते; युसूफ अलींचे शिक्षण मुंबईत झाले. कोठली माणसे कोठल्या मातीत! त्या दोघांच्या कबरींपर्यंतही पायवाटेनेच जावे लागते.

इंग्लंडात सारे गोड आहे, असे मात्र नाही. २०२१च्या नाताळात शंभराहून अधिक मुसलमान स्त्री-पुरुष पीक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगर चढायला गेले, तर इंटरनेटवर त्यांना शिव्यांची लाखोली मिळाली. ज्या डोंगराळ मुलखात एक ज्यू पोरगा सगळ्यांच्या हक्कासाठी तुरुंगात गेला, त्याच मुलखात नव्वद वर्षांनी "तुम्ही इथे कशाला?" हा प्रश्न विचारला गेला. वाट कायद्याने खुली होते, माणसाच्या मनात ती खुली व्हायला वेळ लागतो.

आणि आपला कायदा? तो इतका दुबळा नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या वहिवाटीचे तत्त्व आहेच. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याने अडवलेली वहिवाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतो, फक्त अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. जुन्या गाव नकाशात पायवाटा तुटक रेघेने दाखवलेल्या असतात. आम्ही ते सारे उशिरा शिकलो. सहा महिने पुरे व्हायला अकरा दिवस उरले असताना दावा लागला. नकाशातली रेघ व्हाळापर्यंत येऊन थांबत होती. पुढचा पुरावा फक्त तोंडी. आणि तो दिला कुणबीवाडीतल्या तीन वृद्धांनी. त्यातल्या एकाने तहसीलदारांना सांगितले, "मी यांच्या चार मय्यतींना याच वाटेने खांदा दिलाय. आता कोठून जाऊ?"

माझ्या परतीनंतर दोन महिन्यांनी स्थळपाहणी झाली आणि तीन फूट वाट सोडण्याचा हुकूम निघाला. कुंपण अजून आहे, त्यात एक फट आहे. जनाजा थोडा तिरका करावा लागतो.

वाचकहो, एवढेच सांगायचे आहे. गावी जाल तेव्हा एकदा सगळ्या वाटा चालून या. तलाठ्याकडून गाव नकाशा मिळवा, म्हाताऱ्यांना सोबत घ्या, पोरांना घ्या. कोणती वाट कोठे जाते, कोण तिने जाते, ते लिहून ठेवा. आमच्या तीन साक्षीदारांपैकी दोघे आता हयात नाहीत.