भेंडी बाजारातली भेंडी

जे.जे. पुलाच्या सावलीत उभा राहून मित्र म्हणाला, "हे नाव इंग्रजांनी दिलं. बिहाइंड द बाजार! क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून." सगळ्यांनाच पाठ असलेली गोष्ट. मला मात्र ती कधी पटली नाही. त्या मार्केटची इमारत १८६९ ची, आणि तिच्या 'मागे' म्हणजे किती मागे? मधे पायधुनीसकट किलोमीटरभराहून जास्त अंतर. इतक्या लांबच्या वस्तीला 'मागची' कोण म्हणेल? शिवाय शेजारची नावं बघा. उंबराची उमरखाडी, चिंचेचं चिंचबंदर. खाडी कधीच बुजली, उंबर गेला, नावं उरली. झाडांच्या या रांगेत भेंडी सहज बसते.

ही भेंडी भाजीतली नव्हे. हिला पारोसा पिंपळही म्हणतात. पान पिंपळासारखं, बदामी. फूल मात्र अगदी भाजीच्या भेंडीचं: पिवळं, पोटात गडद तांबडा ठिपका. संध्याकाळपर्यंत ते लालसर होऊन मिटतं. खारी हवा, खारी माती, दोन्ही हिला मानवतात. खाड्यांनी वेढलेल्या जुन्या मुंबईत ती उगवली नसती तरच नवल.

हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी तिची 'भिंडी' झाली, आणि नवख्याला वाटू लागलं, इथे भाजी विकत असतील.

गल्लीत शिरलो. एका अत्तरवाल्याने मनगटाला खस लावला. शेजारच्या दुकानात विणलेल्या टोप्यांच्या चळती. चोरबाजारात, म्हणजे मटन स्ट्रीटवर, मित्राने एका जुन्या ग्रामोफोनचा कर्णा उचलून फुंकर मारली. या मोहल्ल्याचं नाव गाण्यातही आहे. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ मुरादाबादकडून येऊन इथे राहिले, आणि त्यांची गायकी 'भेंडीबाजार घराणं' म्हणून ओळखली गेली. ग्वाल्हेर, आग्रा, किराना, जयपूर अशा घराण्यांच्या यादीत बाजाराचं नाव मिरवणारं हे एकच असावं. नजीर खाँसाहेबांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या.

कर्णा खाली ठेवताना मित्र अचानक हसला. तो रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. घरात बोली कोकणीच. "अरे, भेंडीच्या पानाची पिपाणी! पान गुंडाळायचं, टोक दाताने चेपायचं नि फुंकायचं. आमच्या कुंपणाला भेंडीच तर आहेत. खुंट रोवला की फुटतो." 'बिहाइंड'ची गोष्ट त्याने परत काढली नाही.

पुनर्विकासाच्या उंच इमारतींपासून चोरबाजारापर्यंत आम्ही दोन तास पायपीट केली. भेंडीचं झाड एकही दिसलं नाही.