हुकमाचा ताबेदार

गोरेगाव पूर्वेला आरेच्या कडेने राज्य राखीव पोलीस बलाचा आठव्या क्रमांकाचा गट वसलेला आहे. आरेच्या झाडीत थोडे आत गेले की वारल्यांचे पाडे लागतात. बोरिवली, गोरेगाव, मुलुंडच्या डोंगरउतारांवर ही माणसे १९४९ साली आरेची दूध वसाहत झाली त्याच्याही आधीपासून राहत आली आहेत. दंगल असो, मोर्चा असो की गडचिरोलीचा बंदोबस्त असो, पाड्यांशेजारच्या या राखीव दलाच्या कंपन्या लागतातच. या नोकरीत शिरणाऱ्या पोरासमोर कधीतरी एक क्षण येण्याची शक्यता असते: समोर आपल्यासारखीच माणसे, हातात बंदूक, आणि मागून आलेला हुकूम. या क्षणाबद्दल आपल्याकडे दोनच सोपी उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे पोलीस निगरगट्टच असतात, आणि दुसरे, बिचारा शिपाई काय करणार, तो हुकमाचा ताबेदार. दोन्ही उत्तरे माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. मला दोष दुसरीकडे दिसतो. हुकूम कायदेशीर आहे की नाही याची जोखीम कायद्याने शिपायावर टाकली आणि ते ठरवण्याची सगळी साधने मात्र काढून घेतली.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत ७६ व्या कलमाखाली एक छोटेसे उदाहरण होते. एक सैनिक वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेला धरून, जमावावर गोळी झाडतो. त्याने गुन्हा केलेला नाही. हे उदाहरण घाईत वाचले तर शिपाई सुटल्यासारखा वाटतो. पण मधल्या अटीने सगळे फिरवले आहे. वरिष्ठाचा हुकूम पुरेसा नाही, तो कायद्यालाही धरून असला पाहिजे. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३२ व्या कलमाने जमाव पांगवताना लष्करी जवानाला वेगळे संरक्षण दिले: बंधनकारक हुकूम पाळला असेल तर गुन्हा नाही. पोलिसाने मात्र सद्भावनेने वागलेले असले पाहिजे. मरोळच्या प्रशिक्षण केंद्रात उभ्या असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराने ही बारीक विभागणी समजून घ्यावी, आणि दगड येत असताना दोन-चार सेकंदांत ती लावून पाहावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. कवायत त्याला नेमके उलटे शिकवते. शब्द कानावर पडला की हात हलला पाहिजे, मध्ये विचाराला फट राहता कामा नये, यासाठीच तर कवायत असते.

मुंबईच्या उंबरठ्यावर या विसंगतीची कसोटी लागली ती १९४५ साली. डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वारल्यांची जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही मालकाकडे राबत, आणि वेठबिगार तर सर्रास होती. तिथले गवत मुंबईला येई आणि शहरातल्या, उपनगरांतल्या तबेल्यांत म्हशींपुढे पडे. मुंबईकराच्या पेल्यातल्या दुधाचा हा एक हिशेब कुणी मांडत नव्हते. २३ मे १९४५ रोजी झरी गावी किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. मग गवतकापणीचा संप आला. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही त्यांची मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला प्रचंड जमाव गोळा झाला. जमीनदारांनी एकीकडे खोटा निरोप पसरवून वारल्यांना बोलावले आणि दुसरीकडे पोलिसांना दंग्याची भीती घातली, असे किसान सभेचे म्हणणे होते. पोलिसांनी गोळीबार केला. पाच वारली मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. पुढे किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने हा लढा मराठी घराघरांत नेला.

आता गोळी झाडणाऱ्यांकडे पाहू. त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या पोलिसांत शिपाई येत ते कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकरी घरांतून. मुंबईच्या पोलिसांत तर रत्नागिरीकरांचा भरणा मोठा होता. रत्नागिरी म्हणजे खोतांचा मुलूख. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये, म्हणजे तलवाड्यानंतर चार वर्षांनी. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला, आणि त्या लढ्यात स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून त्यांच्याबरोबर होते शामराव परुळेकर. हेच परुळेकर पुढे वारल्यांचे पुढारी झाले. म्हणजे ज्या माणसाने खोताच्या कुळांची बाजू मांडली, त्याच्याच माणसांवर बंदूक रोखण्याची पाळी कुळांच्या पोरांवर येऊ शकत होती. घरी पगाराची मनीऑर्डर गेली की खोताचा वसूल भागायचा, असे घर या नोकरीत अपवादाचे नव्हते. अशा माणसाला समोरच्याचे दुःख कळत नसेल हे मला पटत नाही. ते कळणे आणि बंदूक खाली ठेवणे यांत जे अंतर आहे, ते सरकारने फार विचार करून आखले होते. १९२२ च्या कायद्याने पोलिसांत अप्रीती पसरवणे हाच गुन्हा ठरवला होता. शिपायाशी या विषयावर बोलणारा तुरुंगात जाई. मग शिपायाने बोलावे कुणाशी?

सरकार बदलले की हे बदलले असते, असे कुणी म्हणेल. तलवाड्याच्या वेळी गव्हर्नरची राजवट होती. १९४६ मध्ये बाळासाहेब खेरांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. तरी जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळ्या सुटल्या. शिपायाच्या बाजूने पाहिले तर टोपीवरचा बिल्ला बदलायचा बाकी होता, एवढेच. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनेवर बंधने घातली, ती स्वतंत्र भारताच्या संसदेनेच. आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी आपल्या मागण्यांसाठी बंड केले तेव्हा त्यांची संघटना मोडून लष्कर बोलावले गेले.

याहून भारी आक्षेप गांधीजींचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरला चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकारी सैनिकांनी नि:शस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. लष्करी न्यायालयाने त्यांना जबर शिक्षा केल्या. देशभर त्यांचे कौतुक झाले, पण अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ते केले नाही. एका फ्रेंच पत्रकाराला गांधीजींनी सांगितले की हुकूम मोडणारा शिपाई घेतलेली शपथ मोडतो. उद्या आपले राज्य आले तर याच शिपायांकडून काम घ्यायचे आहे. पटत नसेल तर आधी नोकरी सोड, असा त्याचा अर्थ. युक्तिवाद स्वच्छ आहे, पण त्यात एक गृहीत आहे: नोकरी सोडायला वेळ मिळतो. तलवाड्यासारख्या जागी तो मिळत नाही. राजीनामा नोटिशीचा, गोळीचा हुकूम तत्काळचा. शिवाय पोटाची खळगी भरायला भरती झालेल्या पोराला राजीनामा हा पर्याय सांगणे बॅरिस्टराला जितके सोपे, तितके त्याला नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. शिपायाने स्वतःच्या मनाप्रमाणे वागावे म्हणता, तर त्याच्या मनात काय आहे हे पाहिलेत का? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबई जळत होती, जोगेश्वरीच्या चाळींत माणसे जाळली जात होती. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या एका भागावर मुसलमानांविरुद्धच्या पूर्वग्रहाचा ठपका ठेवला. तिथे शिपायाचे मन बोलले ते असे. म्हणून प्रत्येकाच्या अंतरात्म्यावर सोडून द्या, हा उपाय मी मांडत नाही. मनाला तपासणारी जागा हवी, हे म्हणणे आहे. ज्या दलात शंका उघड बोलता येत नाही, तिथे पूर्वग्रहही उघड होत नाही. दोन्ही बराकीतच मुरतात.

आणि मग ११ जुलै १९९७, घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली पाहून सकाळी लोक पूर्व द्रुतगती मार्गावर उतरले. राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला, दहा माणसे मेली. मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांनी गळफास घेतला. गॅसचा टँकर पेटवला जाणार होता, हा पोलिसांचा बचाव न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने मानला नाही. २००९ साली शिवडीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली ती हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षक मनोहर कदम यांना. हुकूम देणारा एक होता, चाप ओढणारे अनेक. न्यायालयाने जबाबदारी वरच्याकडे नेली हे योग्यच झाले. पण त्यातून चाप ओढणाऱ्यांना काय शिकायला मिळाले? ७६ व्या कलमाचे उदाहरण त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही. ते उदाहरण आज भारतीय न्याय संहितेच्या १४ व्या कलमात जसेच्या तसे आहे.

गडचिरोलीत हा पेच सगळ्यात अवघड होतो, कारण तिथे समोरचाही बंदूकधारी आहे. १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० पथकात स्थानिक आदिवासी तरुण भरती झाले. जंगल त्यांना ठाऊक, भाषा त्यांची. माओवाद्यांनी त्यांच्यावर आणि खबरी ठरवलेल्या गावकऱ्यांवर सूड उगवला. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले. अशा ठिकाणी हुकमाची कायदेशीरता तपासत बसणारा जवान जिवंत परतणार नाही, हे खरे. म्हणूनच तपासणी नंतर तरी कडक हवी. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूरच्या परिसरात चाळीस जण मारले गेले आणि मानवी हक्क संघटनांनी चकमकीवर प्रश्न उभे केले. तलवाड्याला निदान हजारो डोळे होते; जंगलात साक्षीदार म्हणजे पथकातलाच शेजारी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या खटल्यात चकमकींसाठी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्याकडून चौकशी करा, शस्त्रे तपासणीला द्या, आणि शंका फिटेपर्यंत पाळीआधी बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. शेवटची सूचना मला मोलाची वाटते, कारण तिने हुकमामागच्या लालसेला हात घातला. मात्र त्या सूचना बहुतांशी गोळी सुटल्यानंतरच्या आहेत. बंदूक खाली केलेल्या शिपायाने दुसऱ्या दिवशी कुणापुढे उभे राहायचे, त्याच्यावरच्या शिस्तभंगाच्या कारवाईला स्थगिती कोण देणार, त्याची बदली कुणी रोखायची, याबद्दल त्यांत काही नाही.