दारिद्र्याची मोजपट्टी

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कासू हे लहानसे स्थानक लागते. पेण तालुका भातशेतीचा. खाडीकडे खारेपाट, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या वाड्या. येथे गरीब कोण, हे गावात कोणीही सांगेल. सरकारला मात्र ते मोजावे लागते, आणि या मोजणीचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे.

१८७६ साली मुंबईत दादाभाई नौरोजी यांनी हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये ठरविले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याच्या शेजारी मांडला. कैद्यावरील खर्च अधिक निघाला! पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावी घरोघर जमीन, कर्ज व मिळकत तपासली. ते पुस्तक १९१७ साली निघाले. केवळ शेतीवर तगणारी घरे, बाहेरच्या मजुरीमुळे तगणारी आणि कशानेच न तगणारी, असे तीन वर्ग त्यांनी केले. एका गावापुरते का होईना, गरीब किती आणि कोण, ही दोन्ही उत्तरे तेथे एकत्र सापडत होती.

१९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी साऱ्या देशाचा हिशेब मांडला. दररोज २,२५० कॅलरींचे अन्न ज्या खर्चात पदरी पडते, ती त्यांची रेषा. १९६०-६१ च्या भावाने ती खेड्यात दरमहा दरडोई १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये झाली. खेड्यांतील सुमारे ४० व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली निघाले. हे काम मोलाचेच होय. परंतु नमुना-पाहणीतून गरीब किती, हे कळते. कोण, हे कळत नाही.

घोटाळा पुढे झाला. गरिबांची यादी करण्यासाठी २००२ च्या पाहणीत १३ प्रश्न ठेविले गेले. प्रत्येकास शून्य ते चार गुण, एकूण ५२. गुण जितके कमी, तितके कुटुंब गरीब. वर्षभर दिवसाकाठी एकच पोटभर जेवण मिळे, त्या घरास दोन गुण! पोटासाठी परगावी न जाणाऱ्यास तीन. म्हणजे ज्या म्हातारीस उठवतच नव्हते, तीही या खात्यात बरी ठरे. शेतीचे गुण हेक्टरांवर व पाण्याच्या सोयीवर होते. बांध फुटून खारे पाणी शिरलेले खारेपाटातील शेत आणि पिकते कोरडवाहू शेत यांत पत्रक भेद करीत नव्हते. शिवाय यादीत किती नावे मावावीत, हा आकडा वरून नमुना-पाहणीच्या अंदाजावर ठरलेला होता. गुणांची मर्यादा त्या आकड्यास जुळवून घ्यावयाची. अंगरख्यासाठी अंग कापण्याचाच हा प्रकार.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत ही गुणपद्धती सोडून दिली. निराधार, भिक्षेवर जगणारे, हाताने मैला साफ करणारे, मुक्त झालेले वेठबिगार व आदिम जमाती यांस गुण न मोजताच यादीत घ्यावयाचे ठरले. कातकरी हे महाराष्ट्रातील अशा आदिम जमातींपैकी एक. मात्र पावसाळा सरला की यांतील पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि कुलूप लावावयासही काही नसलेल्या झोपडीत गणकास उत्तर देणार कोण? २०१६ साली घरकुलांसाठी हीच यादी घेण्यात आली. २०११ नंतर लग्न होऊन ज्यांनी वेगळी चूल मांडली, त्यांचे घर तीत असणे शक्यच नव्हते. सुटलेल्यांसाठी २०१८ पासून पुन्हा पाहणी करावी लागली.