डनलॅप प्रत

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची पहिली छापील आवृत्ती. ४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियात मुद्रक जॉन डनलॅप याने ती घाईने छापली. एकाच बाजूने छापलेल्या या कागदावर सह्या नाहीत. काँग्रेसतर्फे अध्यक्ष जॉन हॅनकॉक व सचिव चार्ल्स टॉमसन यांची नावे तेवढी टाइपात आहेत. सुमारे २०० प्रतींपैकी २६ ज्ञात असून बहुतेक ग्रंथालये व अभिलेखागारांत आहेत. १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जुन्या बाजारात ४ डॉलरला घेतलेल्या चौकटीत, चित्रामागे घडी करून ठेवलेली एक प्रत निघाली. १९९१ च्या लिलावात तिला २४ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. जाहीरनाम्यावर पुढे सह्या करणाऱ्या ५६ जणांची हस्ताक्षरे जमवणारे मात्र त्यांपैकी बटन ग्विनेटपाशी अडतात. तो १७७७ मध्येच द्वंद्वयुद्धातील जखमेने वारला. त्यामुळे त्याची सही अतिदुर्मीळ आहे.