संधिवात असलेल्या मुलांचे कानही तपासून घ्या

खासबाग (बेळगाव) : खासबाग, वडगाव, शहापूर भागात ज्या घरात माग चालतो, तिथं सगळेच मोठ्यानं बोलतात. अशा घरात पोराला थोडं कमी ऐकू येत असेल तर ते कळायला वेळ लागतो. शाळेत वेगळीच गत. घरी मराठी, वर्गात कन्नड. पोरगं उत्तर देईना म्हटलं की 'भाषा कळत नसेल' असं धरलं जातं. कानाचा विचार सगळ्यात शेवटी. पण ज्या मुलांना लहानपणीचा संधिवात आहे, त्यांच्या बाबतीत तो आधी यायला हवा.

संधिवात म्हाताऱ्यांचाच, हा आपल्याकडचा पक्का समज. प्रत्यक्षात 16 वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज असेल तर डॉक्टर त्याला 'जुवेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' म्हणतात, थोडक्यात जेआयए. गुडघा, घोटा, मनगट सुजतं. सकाळी पोरगं आखडलेलं, हालचाल केल्यावर हळूहळू मोकळं. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटलेली असते.

कानाचा संबंध इथेच येतो. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात. रिकीब तर जेमतेम 3 मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. या हाडांमधले दोन जोड म्हणजे खरेखुरे सांधेच. गुडघ्यात असतं तसलंच अस्तर त्यांनाही असतं. म्हणजे गुडघ्यात जे होतं ते इथंही होऊ शकतं. ही साखळी ताठ किंवा सैल झाली की आवाज आत नीट पोचत नाही. काही मुलांमध्ये आतल्या कानावरही परिणाम आढळला आहे.

घाबरून जाऊ नये. प्रत्येक मुलाला हे होत नाही. मुलांवरचे अभ्यास थोडे आहेत, तेही लहान गटांवरचे, आणि निष्कर्ष एकसारखे नाहीत. मात्र काहींमध्ये कसलीही तक्रार नसलेल्या मुलांच्या चाचणीत बदल दिसले, हे लक्षात घेण्यासारखं आहे. या आजारात डोळ्याच्या आत गुपचूप सूज येते, म्हणून नेत्रतपासणीचं वेळापत्रक ठरलेलं असतं. कानांसाठी तसं वेळापत्रक नाही. त्यामुळे विचारायचं काम आई-वडिलांवरच येतं की हो!

प्रत्येक वेळी दोष संधिवाताचाच असतो असंही नाही. मळ साचणं, सर्दीनंतर पडद्यामागे पाणी राहणं ही मुलांमधली नेहमीची कारणं. जबड्याचा सांधा सुजला तरी 'कान दुखतोय' अशीच तक्रार येते. जेआयएत हा सांधा बऱ्याचदा धरतो. पूर्वी या आजारावर अॅस्पिरिनचे मोठे डोस देत, त्यानं कानात गुंई आवाज येई, ऐकू कमी येई. डोस कमी केला की बहुधा सुधारे. आज औषधं बदलली आहेत. तरी कानात आवाज येत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

टीव्हीचा आवाज वाढवणं, 'काय?' म्हणून पुन्हा पुन्हा विचारणं, पाठीमागून हाक मारल्यावर न वळणं ही लक्षणं. ऑडिओमेट्री आणि टिंपॅनोमेट्री या दोन चाचण्यांत सुई नाही, दुखणंही नाही. पहिलीत हेडफोनमधून बारीक आवाज ऐकवतात, दुसरीत पडदा आणि हाडं किती हलतात ते पाहतात. बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि के.एल.ई.चं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, निपाणीकरांना जवळ पडणारं कोल्हापूरचं सीपीआर, या तिन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. त्यांनाही पोराला संधिवात असल्याचं सांगा. जाताना जुनी फाईल आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. रिपोर्ट येईपर्यंत मास्तरांना सांगून पहिल्या बाकावर बसवून घ्या.